दारामागची पिशवी

हडर्सफील्डच्या या घराचं दार उघडलं की
आधी चढ दिसतो, मग बसथांबा,
आणि आठ वाजून पाच मिनिटांनी
त्या चढावर धावणारी माझी लेक,
दप्तराची चेन उघडी,
मागे एकेक कागद सांडतोय,
कोंबडीनं पिसं टाकत जावं तसा.

सातवीत गेली तेव्हा शाळेनं वेळापत्रक दिलं,
आठवडा अ, आठवडा ब.
मलाच तीनदा वाचावं लागलं.
शर्वरीनं ते घडी करून कुठेतरी ठेवलं.
कुठेतरी : आमच्या घरातली सर्वांत मोठी खोली.

ऑक्टोबरात दप्तर उपडं केलं तेव्हा
सप्टेंबरच्या सहलीचं पत्र निघालं,
सही न झालेलं, केळ्यात मुरलेलं,
अडीच कंपास, एकाही पेन्सिलीला टोक नाही,
आणि कुणा मेगन हिंचक्लिफचा डबा.
आम्ही दोघी हसलो. मग मी एकटीच चिडले.

मी काय करत होते तेही सांगते.
ती झोपल्यावर तिचं दप्तर भरत होते.
तरी काहीतरी राहायचंच.
कधी डबा, कधी बासरी, कधी गणिताची वही,
शाळेच्या रिसेप्शनवरची बाई मला
गाडीच्या आवाजावरून ओळखायला लागली.
"मिसेस शेवडे, आज काय?"
तिला गंमत वाटायची. मलाही, थोडे दिवस.

मग मिसेस ओल्ड्रॉइडनी बोलावलं.
ठेंगणी बाई, चष्मा दोरीला,
बिस्किटांच्या डब्यात रंगीत टिकल्या.
विज्ञानाला हिरवी, इतिहासाला तपकिरी,
रंग शर्वरीनं निवडायचे, चिकटवायचेही तिनंच,
वाकडे लागले तरी.
"आणि तुम्ही," त्या म्हणाल्या, "सांगू नका. विचारा.
विचारून झालं की हात मागे बांधा."
यॉर्कशरच्या बायका गोड बोलायच्या भानगडीत पडत नाहीत.

हात मागे बांधणं म्हणजे काय
ते मला गुरुवारी कळलं.
बस गेली होती.
दारामागे खेळाच्या कपड्यांची पिशवी
खुंटीला लटकत होती, निमूट,
आणि माझ्या मुठीत गाडीची किल्ली.
सात मिनिटांचा रस्ता.
मी केटल लावली. बंद केली. पुन्हा लावली.
ओटा पुसला, पुसलेलाच.
शाळेत उसन्या कपड्यांची एक पेटी असते,
तिचा वास मला इथवर येत होता.
माझ्या आईनं मला कधी काही विसरू दिलं नाही,
म्हणून तर लग्नानंतर वर्षभर
गॅसचं बिल कुठे भरतात ते मला माहीत नव्हतं.
हे त्या केटलपाशी आठवलं.
किल्ली खुंटीला लावली, पिशवीच्या शेजारी.

संध्याकाळी ती आली,
एक मोजा निळा, एक काळा.
काही बोलली नाही. मीही नाही.
पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली,
"सोमवारपासून आठवडा ब ना?"
उत्तर माझ्या ओठावर होतं.
"कुठे बघता येईल?" मी विचारलं.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं परक्या बाईकडे पाहावं.
मग उठली.

रविवारी रात्री बघते तर
पिशवी बुटांवर ठेवलेली,
नाही, बुटांत खुपसलेली,
म्हणजे ती उचलल्याशिवाय पाय आत जाणारच नाही.
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
मिसेस ओल्ड्रॉइडच्या डब्यात हे नव्हतं,
माझ्या यादीत तर नव्हतंच.
मी पिशवी सरळ करायला वाकले,
आणि तशीच उठले.

परवा मी हॉस्पिटलच्या ड्यूटीला निघाले,
डबा, छत्री, सगळं घेऊन.
ती जिन्यावर बसून नाडी बांधत होती,
गळ्यात लॉकरची किल्ली.
"आई, वॉर्डचं दार कशानं उघडतं?"
माझं कार्ड फ्रिजवर होतं. तिला दिसत होतं.
उठून दिलं नाही.
शहाणी.

डाव्या हाताचा हातमोजा मात्र
अजून कुठेतरीच आहे.